उजेड नेमका कुठे गळतो?

बँकेच्या नोकरीत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाने मोटारीच्या दिव्यांविषयी लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. या सदरातून आपण एरवी ठेवी, नामांकन, वारसाची कागदपत्रे, दुकानाचा हिशेब अशाच विषयांची चर्चा करतो. परंतु गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी एक प्रसंग असा घडला, की त्याचा उलगडा करताना मोटारविद्येपेक्षा हिशेबाचीच विद्या मला अधिक उपयोगी पडली. शिवाय अमरावती-अकोल्याकडील आपल्या कित्येक व्यापारी घरांच्या वाड्यात किंवा गोदामात वडिलांच्या अथवा आजोबांच्या वेळची फियाट, अ‍ॅम्बेसेडर नाहीतर जीप ताडपत्रीखाली उभी असते. दसऱ्याला तिची पूजा होते, वर्षातून चार वेळा ती बाहेर निघते आणि प्रत्येक वेळी घरातील कोणीतरी म्हणतेच, ‘हिचे दिवे फार मंद झाले बुवा!’ अशा घरांसाठी हा लेख आहे.

प्रथम प्रसंग सांगतो. अमरावतीला नात्यातील एक लग्न होते. अकोल्याहून माझे थोरले बंधू, वहिनी आणि नात अशी तिघे वडिलांची जुनी पद्मिनी घेऊन आली होती. दादांचे वय बहात्तर. पुतण्याची नवी गाडी दारात असताना त्यांनी हट्टाने हीच काढली होती, कारण महिन्यापूर्वीच त्यांनी हिच्या मंद दिव्यांवर ‘उपाय’ केला होता. एका दुकानदाराच्या सल्ल्याने मूळचे पंचेचाळीस वॅटचे बल्ब काढून तेथे शंभर वॅटचे हॅलोजन बल्ब बसवून घेतले होते. दिवे पूर्वीपेक्षा बरे दिसू लागले, म्हणून दादा खूश होते. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपून आम्ही निघालो. मलाही अकोल्यास काम असल्याने मी दादांच्या शेजारी बसलो.

अमरावती-अकोला हा रस्ता आता पूर्वीचा राहिलेला नाही. जून २०२२ मध्ये याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लोणी ते माना या टप्प्यात पंचाहत्तर किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला, हे वाचकांच्या स्मरणात असेल. रस्ता गुळगुळीत झाला, वेग वाढला. पण कापसाच्या हंगामात रात्री त्याच रस्त्याने मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या पूर्वीप्रमाणेच चालतात. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर अंतर कापते. दिव्याचा उपयोगी उजेड तीस मीटरच पोचत असेल, तर समोरची वस्तू दिसल्यापासून तिच्यावर आदळेपर्यंत दोन सेकंदही मिळत नाहीत. आणि त्यातील जवळजवळ एक सेकंद पाय ब्रेकवर जाण्यातच संपतो.

मूर्तिजापूरच्या अलीकडे मला जळक्या प्लास्टिकचा वास आला. पाठोपाठ स्टिअरिंगच्या खालून धुराची बारीक रेघ निघाली आणि दोन्ही दिवे एकदम विझले. समोर कापसाने भरलेली ट्रॉली होती, एवढे क्षणभरापूर्वी मी पाहिले होते. दादांनी न गडबडता ब्रेक लावत गाडी डावीकडे घेतली आणि ती मुरमावर थांबली. ट्रॉलीचे मागचे फळकूट आमच्यापासून किती अंतरावर होते ते मी मोजले नाही. परंतु वहिनींनी नातीचा हात किती घट्ट धरला होता, ते अजून आठवते. बॅटरीची तार सोडवली आणि जवळच्या ढाब्यावर बसून पुतण्याची वाट पाहिली. त्या रात्री परतताना दादा एकच वाक्य बोलले, ‘उद्याच भंगारवाल्याला बोलाव.’

भंगारवाल्यास बोलावण्याची कल्पना मला सोसवेना. ही गाडी आमच्या वडिलांनी १९७५ साली घेतली. त्या काळी मोटार ही केवळ पैसे मोजून मिळणारी वस्तू नव्हती. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. वडील कापडाचे व्यापारी. गाडी दारात आल्यावर त्यांनी आम्हा भावांना आधी सांगितले ते हे, की ही ज्या कारखान्यात बनली तो सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंदांनी उभारला आहे. वालचंदांचा जन्म १८८२ चा, सोलापूरच्या व्यापारी जैन घराण्यातला. जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही गोष्टी या देशात बनल्या पाहिजेत, असा ध्यास घेतलेला हा पुरुष. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याला तिचा कारखाना झाला. पुढे फियाटच्या परवान्याने तेथे ‘अकराशे’ जातीच्या गाड्या होऊ लागल्या आणि १९७४ पासून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिच्यावर अग्रलेखासारखे लेख लिहिले. आमच्या घरातील गाडी मात्र दोन बल्बांच्या पायी भंगारात निघणार होती.

मी दादांकडे एका रविवारची मुदत मागितली. मंद दिव्याचे मूळ कोठे आहे, एवढे शोधू. नाही सापडले तर तुमचे म्हणणे मान्य. दादांनी मुदत दिली.

येथे वाचकांनी एक साधे तत्त्व ध्यानी घ्यावे. बॅटरीतून निघालेली वीज बल्बापर्यंत एकदम पोचत नाही. बॅटरीच्या खुंटीवरील पकड, फ्यूजपेटी, मुख्य स्विच, डिपर, तारा आणि त्यांचे जोड, बल्बाचा होल्डर असे अनेक नाके ओलांडत ती जाते. आणि बल्ब पेटवून झाल्यावर गाडीच्या पत्र्यातून परत बॅटरीला येते. या परतीच्या वाटेला अर्थिंग म्हणतात. प्रत्येक नाक्यावर गंज, काजळी किंवा ढिलाई असेल, तर तेथे थोडाथोडा दाब खर्च होतो. आपल्याकडे पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, त्यात तारांवरील आवरण कडक होऊन तडकते; नंतर पावसाळ्यातील दमटपणा त्या फटींतून तांब्याला हिरवा गंज चढवतो. पन्नास वर्षांत किती उन्हाळे आणि किती पावसाळे झाले, याचा हिशेब करावा.

दाब थोडा घटला तर उजेड थोडाच घटेल, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. तारेच्या बल्बात दाब दहा टक्क्यांनी कमी झाला, तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो. म्हणून बल्ब निर्दोष असूनही दिवा मिणमिणतो.

त्या रविवारी अकोल्याला दादांच्या अंगणात गाडी उभी केली. मोठे बल्ब काढून मूळच्या पंचेचाळीस वॅटचे बसवले. धुरानंतर स्विच थंड झाल्यावर पुन्हा चालू लागला होता, त्यामुळे मोजणी शक्य होती; मात्र दिवा प्रत्येक वेळी काही सेकंदच लावायचा, असे ठरवले. साधा मल्टिमीटर आणला. नात बारावीत विज्ञान शिकते. मीटर तिच्या हाती दिला आणि वही मी घेतली. गावातील एक वयोवृद्ध ऑटो इलेक्ट्रिशियन, ज्यांनी उभी हयात या गाड्यांच्या वायरिंगमध्ये घालवली, तेही आले. गाडीभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, ‘बल्ब काहून बदलता भाऊ? बल्बाचा काहीच दोष नाही. वाट सडली हाय त्याची.’

दिवा लावून आधी बॅटरीच्या शिशाच्या दोन खुंट्यांमधील दाब मोजला. तो १२.२ व्होल्ट भरला. नंतर बल्बाच्या मागील होल्डरवर मोजला. तेथे अवघे ९.४! म्हणजे २.८ व्होल्टचा फरक. इतक्या कमी दाबावर बल्ब आपल्या मूळ तेजाच्या निम्म्यानेही पेटत नाही.

बँकेत ताळा जुळत नसला, की नवशिक्या कारकुनाला एक मोह होतो : फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकावी आणि घरी जावे. दादांचे शंभर वॅटचे बल्ब म्हणजे तेच सस्पेन्स खाते होते. फरक झाकला गेला, शोधला गेला नाही. ताळा जुळवण्याची खरी रीत एकच : खातेवही पान पान उलटून, कोणत्या पानावर किती चूक आहे ते काढणे. आम्ही तेच केले. मीटरची एक काडी नाक्याच्या अलीकडे, दुसरी पलीकडे लावून, दिवा पेटता ठेवून, प्रत्येक ठिकाणी खर्च झालेला दाब नात वाचत गेली आणि मी लिहीत गेलो. बॅटरीची खुंटी आणि तिची पकड यांच्यात ०.३. फ्यूजपेटीत, जेथे कोणीतरी कधीकाळी जळालेल्या फ्यूजभोवती तांब्याची तार गुंडाळून ठेवली होती, तेथे ०.६. स्टिअरिंगखालच्या स्विचमध्ये १.१. तारा आणि त्यांच्या जोडांत ०.४. अर्थिंगमध्ये, म्हणजे होल्डरच्या काळ्या तारेपासून बॅटरीच्या ऋण खुंटीपर्यंत, ०.४. नातीने बेरीज केली : २.८. ताळा दशांशापर्यंत जुळला. नोकरीत असताना जो आनंद होत असे, तोच झाला.

दादा लांब ओसरीवर बसून पाहत होते. ते उठून आले आणि त्यांनी वही मागून घेतली. बराच वेळ त्यांचे बोट स्विचच्या आकड्यावर होते. ‘म्हणजे मी मोठे बल्ब लावले आणि...’ एवढे बोलून ते थांबले. उरलेले नातीने समजावले. मूळचे दोन बल्ब मिळून नव्वद वॅट, म्हणजे सुमारे साडेसात अँपिअर प्रवाह. शंभराचे दोन म्हणजे दोनशे वॅट, सोळा-सतरा अँपिअर. काजळी धरलेल्या स्विचमधून प्रवाह दुप्पट नेला, की तेथे निर्माण होणारी उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. पूर्वी त्या स्विचमध्ये सात-आठ वॅट उष्णता जिरत होती. मोठ्या बल्बांनंतर सोल्डरिंगची पेटती काडीच जणू प्लास्टिकच्या डबीत ठेवल्यासारखे झाले. धूर निघाला नसता तरच नवल. आणि फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली असल्यामुळे हा अनर्थ रोखणारा पहारेकरीही जागेवर नव्हता.

दुरुस्तीचा क्रम सांगतो. बॅटरीची अर्थिंगची तार सर्वप्रथम सोडवली. हातातील अंगठी आणि घड्याळ आधी काढून ठेवावे, कारण धातू दोन खुंट्यांना एकदम लागला तर हात भाजतो. खुंट्यांवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुतली, खुंट्या पॉलिश पेपरने उजळल्या, पकडी घट्ट केल्या आणि वरून व्हॅसलीनचा हात दिला. फ्यूजपेटीच्या चिमट्या घासून योग्य क्षमतेचे नवे फ्यूज बसवले. होल्डरची काळी तार जेथे पत्र्याला स्क्रूने जोडलेली होती, तेथील रंग आणि गंज खरवडून चकचकीत पत्रा उघडा केला. मिस्त्रींनी स्विच उघडला. आतील पितळी संपर्क काळेठिक्कर पडले होते आणि प्लास्टिक एका बाजूने मऊ होऊन बसले होते. संपर्क बारीक पेपरने साफ करून त्यांनी स्प्रिंगचा ताण नीट केला. स्विचमध्ये तेल मात्र घालू नये. धूळ धरून ते पुन्हा काजळी करते.

त्यानंतर मिस्त्रींनी जे केले ते सर्वांत महत्त्वाचे. त्यांनी बॉनेटखाली दोन रिले बसवले, एक अप्परचा आणि एक डिपरचा. बॅटरीपासून फ्यूजमार्गे जाड तार थेट रिलेला आणि तेथून दिव्यांना नेली. आता जुना स्विच दिव्यांचा प्रवाह स्वतः वाहत नाही; तो रिलेला फक्त हुकूम देतो आणि त्यासाठी पाव अँपिअरही लागत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर काउंटरवर सही तेवढी होते; रोकड तिजोरीतून परस्पर जाते. थकलेल्या स्विचवरचा भार उतरला आणि तो आहे त्या जागी, आहे त्या रूपात राहिला. पुन्हा मोजले, तेव्हा बॅटरी ते बल्ब एकूण घट ०.३ व्होल्ट. बल्ब तेच, पंचेचाळीस वॅटचे.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी स्वतः काही लक्षणे पाहून ठेवावीत, म्हणजे अनावश्यक खर्च टळेल. दोन्ही दिवे सारखेच मंद असतील, तर दोष दोघांच्या सामाईक वाटेवर, म्हणजे बॅटरी, फ्यूज, स्विच किंवा डिपर येथे असण्याचा संभव अधिक. एकच दिवा मंद असेल, तर त्याचे अर्थिंग, होल्डर आणि रिफ्लेक्टर तपासावा. आतला चकाकता मुलामा काळवंडला असेल, तर कितीही वीज दिली तरी उजेड बाहेर पडत नाही. अप्पर नीट लागतो पण डिपर लागत नाही, असे असेल तर बल्बाची एक तार गेलेली असते किंवा डिपरचा स्विच बिघडलेला असतो. जुन्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये डिपर डाव्या पायाशी असे. चपलेची माती आणि पाणी त्यातच उतरे, हे विसरू नये. खड्ड्यात दिवे लुकलुकतात किंवा स्विच हलवल्यावर उजळतात, तर संपर्क ढिले आहेत. दिवे पाच मिनिटे लावून स्विचला बोट लावावे. तो गरम लागला, तर रात्रीचा प्रवास त्या दिवसापासून बंद. आणि इंजिन मंद असताना दिवे उतरतात व अ‍ॅक्सिलरेटर दाबताच उजळतात, तर ते डायनॅमोचे लक्षण होय. डायनॅमो कमी फेऱ्यांवर पुरेशी वीज देत नाही, हा त्याचा स्वभावच. परंतु फॅन बेल्ट ढिला असेल किंवा कार्बन झिजले असतील, तर हा फरक फार वाढतो. इंजिन वेगात असताना बॅटरीवर साडेतेरा ते चौदा व्होल्ट दिसले पाहिजेत.

दिवे तेजस्वी झाल्यावर त्यांची दिशा नीट करणे हे आपले कर्तव्य आहे. सपाट जागी भिंतीपासून साधारण साडेसात मीटरवर गाडी उभी करावी. डिपरचा झोत दिव्याच्या मध्याच्या उंचीपेक्षा दोनेक इंच खाली पडला पाहिजे. आपल्याला दिसावे म्हणून समोरच्या दुचाकीस्वाराला आंधळे करणे, हा काही उजेड नव्हे.

आता कागदपत्रांविषयी, कारण तो माझा प्रांत. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते आणि त्या तपासणीत दिवेही पाहिले जातात. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या बिगरव्यापारी दुचाकी-चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती अशा मोजक्याच कारणांसाठी तिला मुभा आहे. तेव्हा गाडी मिरवायची आहे की वापरायची आहे, हे घरात बसून आधी ठरवावे आणि मगच अर्ज करावा. दोन्ही परिस्थितींत मूळचा स्विच, मूळचे दिवे टाकून देऊ नयेत.

आमच्या घरी निर्णय झाला तो असा. गाडी विकायची नाही. परंतु रात्रीचा लांबचा प्रवासही तिने करायचा नाही. दिवे सुधारले तरी ब्रेक पन्नास वर्षांपूर्वीचेच आहेत आणि दादांचे डोळे बहात्तर वर्षांचे, हे दादांनीच बोलून दाखवले. त्या रविवारी तिन्हीसांजेला त्यांनी गाडी फाटकाबाहेर काढली, नातीला शेजारी बसवले आणि गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी मारून आणली. परत आल्यावर त्यांनी ते शंभर वॅटचे दोन बल्ब माझ्या हाती दिले आणि म्हणाले, ‘हे कोणाला देऊ नको. ठेव कपाटात, सस्पेन्स खात्याची आठवण म्हणून.’

वहीचे ते पान नातीने गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात घालून ठेवले आहे. पुढील दसऱ्याला पूजेपूर्वी पुन्हा मोजणी करायची, असे तिने जाहीर केले आहे. आपल्याही दारात अशी गाडी असेल, तर येत्या सुट्टीत ताडपत्री काढा, घरातील एखाद्या मुलाच्या नाहीतर मुलीच्या हाती मीटर द्या आणि वही आपण घ्या. मोठा बल्ब आणण्यापूर्वी, उजेड नेमका कुठे गळतो, तेवढे आधी लिहून काढा.